तापल्या पोलादावरचं नाव

स्टेशनात गाडीची वाट पाहताना समोरच्या रुळाकडे एकदा नीट पाहावं. रुळाचा माथा चाकांनी घासून चकचकीत झालेला असतो आणि पायथा खडीत दडलेला असतो. या दोन्हींच्या मधल्या उभ्या पट्टीवर, गंजाच्या तांबूस थराखालून, ठरावीक अंतराने उठावाची अक्षरं दिसतात. कारखान्याचं नाव, रुळाचं वजन, पोलादाची प्रत, महिना आणि वर्ष. त्या अक्षरांत ‘सेल’ वाचायला मिळालं तर रूळ बहुधा भिलाईचा आहे.

ही अक्षरं नंतर कोरलेली नसतात. लालभडक पोलाद लाटणाऱ्या रोलवर ती आधीच खोदलेली असतात, त्यामुळे रूळ आकार घेतो त्याच फेरीत नावही घेतो. पोलाद कोणत्या ओतातलं आहे, तो क्रमांकही रूळ गरम असतानाच ठोकला जातो. रूळ थंड झाला की त्यावर रंगाने लिहिता येतं, चिठ्ठी चिकटवता येते, पण अंगाचाच भाग झालेलं नाव मग देता येत नाही. पुढे कधी रूळ तडकला, तर त्या अक्षरांचा माग काढत भट्टीपर्यंत जाता येतं. त्या नावात अभिमान आहे आणि जबाबदारीही आहे.

भिलाईच्या युनिव्हर्सल रेल मिलमध्ये आज १३० मीटर लांबीचा एकसंध रूळ लाटला जातो. एवढा लांब रूळ सरळ ठेवणं डोळ्यांच्या आणि हातांच्या अंदाजावर होत नाही. तापमान मोजणारे सेन्सर, रोलमधली फट सांभाळणारे कंट्रोलर आणि त्यांना हुकूम देणारा प्रोग्रॅम या सगळ्यांचं ते काम असतं. रुळावरचं नाव कुणालाही वाचता येतं. रूळ घडवणाऱ्या प्रोग्रॅमवर कुणाचं नाव आहे, हे मात्र फलाटावरून दिसत नाही. पोलादावर नाव उमटवण्याची शिस्त या गावात साठ वर्षांहून अधिक काळ पाळली गेली. आता इथली पोरं प्रोग्रॅम लिहू लागली आहेत, सर्किट जोडू लागली आहेत. त्या कामावर नाव कुणाचं, ते कोणत्या कायद्याने उमटतं आणि नेमकं कधी उमटवावं लागतं, हा या लेखाचा विषय आहे.

परक्या ड्रॉइंगवर उभं राहिलेलं गाव

नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघालं की गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव मागे पडतं आणि दुर्ग येतं. दुर्गला लागूनच भिलाई. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात इथे पोलाद कारखाना उभारण्याचा करार झाला, तेव्हा हा मुलूख जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. पुढच्या वर्षी राज्यं नव्याने आखली गेली आणि राजधानी भोपाळला गेली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळं झालं. सरकारी नकाशे असे बदलत राहिले, तरी मराठी माणसाचं या मुलखाशी असलेलं नातं टिकून राहिलं.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. १९६० साली रुळांची मिल सुरू झाली. यंत्रं सोव्हिएत होती आणि ड्रॉइंगही तिकडचीच. आपले इंजिनिअर तिकडे शिकायला गेले, तिकडचे तज्ज्ञ इथे येऊन राहिले. त्या स्नेहाची खूण म्हणून उभी राहिलेली मैत्रीबाग आजही भिलाईच्या पोरांची सुट्टीतली हक्काची जागा आहे. तो स्नेह खरा होता आणि त्यातून आपण शिकलो, हेही खरं.

तरीही ड्रॉइंग कुणाचं, हा प्रश्न उरतोच. तो बोकारोत धडधडीत समोर आला. एम. एन. दस्तूर यांच्या भारतीय कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बोकारो कारखान्याचा तपशीलवार प्रकल्प अहवाल तयार केला होता. अमेरिकेची मदत मिळाली नाही. सोव्हिएत मदत आली आणि तिच्याबरोबर आराखड्याची सूत्रंही तिकडे गेली. दस्तूर यांनी खर्चात मोठी बचत सुचवली, पण त्यातलं फारच थोडं स्वीकारलं गेलं. अर्थतज्ज्ञ पद्मा देसाई यांनी १९७२ साली या प्रकरणावर पुस्तक लिहिलं. बोकारोचा धडा साधा आहे : पैसा, जमीन आणि मजूर आपले असले, तरी ड्रॉइंग ज्याच्या हातात असतं त्याच्याच हातात निर्णय राहतो.

त्या काळी एक सोय होती. ड्रॉइंग वाचता येत असे. एखादा भाग झिजला तर फिटर तो हातात घ्यायचा, व्हर्निअरने मोजायचा, कागदावर उतरवायचा आणि वर्कशॉपमध्ये नवा घडवायचा. परक्याचं तंत्र असं बोटांतून आपलंसं होत गेलं. भारतातल्या कितीतरी कारखान्यांचे सुटे भाग अशाच मोजमापाने देशी झाले.

प्रोग्रॅमचं तसं नाही. पॅनेलमधल्या पीएलसीत, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकात, जे बसलेलं असतं ते यंत्राला कळणारं रूप. माणसाला वाचता येणारं रूप, म्हणजे सोर्स कोड, ज्याने लिहिला त्याच्याकडे राहतं, आणि वर पासवर्ड असतो. झिजलेला दात मोजता येतो, कुलूपबंद प्रोग्रॅम मोजता येत नाही. पुरवठादार कंपनी बंद पडली, दुसऱ्या कंपनीत विलीन झाली किंवा तिने जुन्या यंत्रासाठी मदत थांबवली, की कोट्यवधींचं यंत्र मालकाच्या आवारात उभं राहूनही त्याच्या ताब्यात राहत नाही.

इथे भारतीय कायदा खरेदीदाराला अगदीच उघडं सोडत नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सांगतं की प्रोग्रॅमची प्रत रीतसर बाळगणाऱ्याला राखीव प्रत ठेवता येते, प्रोग्रॅम कसा चालतो याचं निरीक्षण आणि चाचणी करता येते, आणि आपला स्वतंत्र प्रोग्रॅम त्याच्याशी जोडण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल तर ती मिळवण्यापुरती उकल करता येते. पण हा आधार संकटकाळचा. शहाणपण खरेदीच्या वेळी दाखवावं लागतं. सोर्स कोडची प्रत तिसऱ्या विश्वासू संस्थेकडे अनामत ठेवावी आणि पुरवठादाराने हात वर केले तर ती आपल्याला मिळावी, ही अट करारात घालता येते. यंत्राच्या क्षमतेवर महिनोन्महिने घासाघीस करणाऱ्या खरेदी खात्याने या एका परिच्छेदासाठी एक दिवस दिला, तर पुढची वीस वर्षं सुखाची जातील.

एक डबा आणि त्यातले सहा हक्क

भिलाईत आज शिकणाऱ्यांची कमतरता नाही. इथली आयआयटी २०१६ साली सुरू झाली, आधी रायपूरच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात. दुर्गजवळच्या कुटेलाभाठा इथला तिचा कायमचा परिसर २० फेब्रुवारी २०२४ रोजी देशाला अर्पण झाला. सायबर-फिजिकल प्रणालींच्या राष्ट्रीय मोहिमेखाली देशभर जी २५ केंद्रं उभी राहिली, त्यातलं आर्थिक क्षेत्राच्या तंत्रज्ञानाचं केंद्र भिलाईच्या वाट्याला आलं. राज्याचं तांत्रिक विद्यापीठही भिलाईतच आहे. आणि एप्रिल २०२५ मध्ये नवा रायपूर इथे गॅलियम नायट्राइडवर आधारित चिपच्या कारखान्याची पायाभरणी झाली.

समजा, भिलाईच्या एखाद्या कॉलेजातल्या तीन विद्यार्थ्यांनी एक डबा बनवला. खनिज वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या मोटरवर तो बसवायचा. बेअरिंगची थरथर आणि उष्णता तो ऐकत राहतो आणि बेअरिंग निकामी होण्याआधी दोन दिवस इशारा देतो. कारखान्याच्या गावात अशा डब्याची किंमत कुणाला सांगावी लागत नाही, कारण एक पट्टा थांबला की पुढची साखळी थांबते. आता या एका डब्यात कायद्याच्या नजरेने किती वस्तू आहेत ते पाहू.

पहिली वस्तू आतला प्रोग्रॅम. भारतीय कायद्यात संगणक-प्रोग्रॅम ही ‘साहित्यकृती’ आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ आणि १९९४ च्या दुरुस्त्यांनी ही तरतूद आली आणि पक्की झाली. म्हणजे कवितेला जो हक्क, तोच या ओळींना. लिहिता क्षणी तो जन्मतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. नोंदणी सक्तीची नाही, पण न्यायालयात उभं राहायची वेळ आली तर नोंदणीचा दाखला पुरावा म्हणून कामी येतो. नोंदणीचं शुल्क ५०० रुपये आहे. मात्र कॉपीराइट शब्दांचं रक्षण करतो, कल्पनेचं नाही. दुसऱ्या कुणी तीच कल्पना स्वतःच्या ओळींत स्वतंत्रपणे लिहिली, तर इथे अडवता येत नाही.

दुसरी वस्तू मोजण्याची नवी रीत. तिथे पेटंट येतं. पेटंट कायद्याचं कलम ३(के) म्हणतं की गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक-प्रोग्रॅम यांना पेटंट नाही. सगळा वाद त्या ‘निव्वळ’ शब्दाभोवती फिरतो. २००४ च्या वटहुकमाने ही अट सैल करण्याचा प्रयत्न झाला. २००५ मध्ये संसदेने तो मान्य केला नाही. मला तो निर्णय योग्य वाटतो. सूत्रांवर आणि पायऱ्यांवर मक्तेदारी दिली असती, तर भिलाईच्या खोलीत बसून कोड लिहिणाऱ्या मुलाला प्रत्येक ओळीआधी वकील गाठावा लागला असता.

पण दार बंद नाही. १९८१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात डीर यांचा खटला आला होता. साच्यातलं रबर नेमकं किती वेळ तापवायचं, हे एका जुन्या सूत्राने संगणक सतत मोजत असे आणि वेळ झाली की साचा उघडत असे. न्यायालय म्हणालं, सूत्राला पेटंट नाही, रबर घडवण्याच्या या सुधारलेल्या प्रक्रियेला आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१९ रोजी फरीद अल्लानी यांच्या प्रकरणात त्याच दिशेचा विचार मांडला : शोधाचा तांत्रिक परिणाम दाखवता येत असेल, तर त्यात प्रोग्रॅम आहे एवढ्या कारणाने तो बाद होत नाही. आपल्या तीन विद्यार्थ्यांनी म्हणून अर्जात सूत्राचं कौतुक करू नये. थरथर कशी टिपली, गोंगाटातून खूण कशी वेगळी काढली आणि मोटर वेळेत कशी थांबली, ते लिहावं. पोलादाच्या गावाला हे अवघड जाऊ नये, कारण इथला प्रत्येक प्रोग्रॅम शेवटी कुठल्या तरी तापलेल्या, फिरणाऱ्या किंवा घासणाऱ्या वस्तूवर येऊन थांबतो.

तिसरी वस्तू डब्याचं बाह्यरूप. डिझाइन कायदा, २००० खाली नोंद केली तर आधी १० वर्षं आणि वाढवून आणखी ५ वर्षं संरक्षण मिळतं. चौथी वस्तू डब्याचं नाव आणि चिन्ह, म्हणजे ट्रेडमार्क. दर १० वर्षांनी नूतनीकरण केलं तर तो कायम राहतो. पाचवी वस्तू, जर त्यांनी स्वतःची चिप आखली असेल, तर त्या चिपच्या आतली मांडणी. तिच्यासाठी २००० सालचा स्वतंत्र कायदा आहे आणि संरक्षण १० वर्षांचं. फार थोड्यांना तो माहीत आहे. नवा रायपूरला चिपचं काम उभं राहत असताना छत्तीसगडच्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो शिकवायला हवा. सहावी वस्तू डोळ्यांना दिसतच नाही : शेकडो बेअरिंगवर महिनोन्महिने घेतलेल्या नोंदींतून तयार झालेली मापांची यादी. ती कुणाला न सांगणं हेच तिचं संरक्षण.

शेतजमिनीचा सातबारा घरात जपून ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हे लगेच कळावं. छत्तीसगडात त्याच कागदाला बी-वन आणि खसरा म्हणतात. नाव निराळं, काळजी तीच : जमीन कसतो त्याचं नाव कागदावर असलं पाहिजे. एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. जमीन पिढ्यान्‌पिढ्या चालते, पेटंट २० वर्षांनी संपतं. समाज शोधकाला म्हणतो, तुझी युक्ती सगळ्यांना समजेल अशी लिहून दे, त्या बदल्यात काही वर्षं फळ तुझं. मुदत संपली की ती युक्ती गावाची होते. हा करार दोन्ही बाजूंनी पाळला गेला तरच तो न्याय्य आहे.

लिहिणारा एक, मालक दुसरा

सर्वांत जास्त नुकसान चोरीने होतं, असा आपला समज असतो. पण न वाचता सही केलेल्या कागदानेही तेवढंच नुकसान होतं.

नोकरीत, कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या प्रोग्रॅमचा पहिला मालक नोकरी देणाराच असतो, असं कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं, वेगळं काही ठरलेलं नसेल तर. पगार घेऊन लिहिणाऱ्याने हे गृहीत धरावं. पण भिलाईतल्या सुपेल्याच्या एखाद्या दुकानदाराने बिलं बनवण्याचा प्रोग्रॅम बाहेरच्या पोराकडून एकरकमी पैशांवर लिहून घेतला, तर गोष्ट उलटी होते. ते पोरगं नोकर नाही, त्यामुळे लेखी हस्तांतर झालं नसेल तर कॉपीराइट त्याचाच राहतो. दुकानदाराला वाटतं पैसे मोजले म्हणजे प्रोग्रॅम आपला. पोराला वाटतं पैसे मिळाले म्हणजे आपला संबंध संपला. दोघांचाही समज चुकीचा. कलम १९ प्रमाणे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी हवं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरता. दोन ओळी न लिहिल्यामुळे पुढे मोठ्या झालेल्या धंद्याचा पाया डळमळतो.

विद्यार्थी नोकर नसतो. पण प्रयोगशाळा, यंत्रं आणि मार्गदर्शकाचा वेळ संस्थेचा असतो, म्हणून बहुतेक मोठ्या संस्थांचं बौद्धिक संपदेचं स्वतःचं धोरण असतं. प्रकल्प सुरू करण्याआधी ते मागून वाचावं. पेटंटचा मालक कुणीही ठरला, तरी शोधकाच्या रकान्यात ज्याने खरोखर शोध लावला त्याचंच नाव यायला हवं. तिथे मार्गदर्शकाचं नाव रिवाज म्हणून घालणं किंवा विद्यार्थ्याचं नाव विसरणं, दोन्ही गैर आहे. हे मी ठासून लिहितो, कारण ज्या वयात माणूस पहिल्यांदा काही घडवतो, त्या वयात त्याचं नाव गाळलं गेलं तर तो पुन्हा घडवायला बिचकतो.

नोकरी सोडताना काय नेता येतं? डोक्यातलं कौशल्य नेता येतं. करार कायद्याचं कलम २७ माणसाच्या उपजीविकेवरचे निर्बंध रद्दबातल ठरवतं, त्यामुळे ‘सोडल्यावर दोन वर्षं या क्षेत्रात काम करायचं नाही’ अशी अट आपल्या न्यायालयांत टिकत नाही. पण पेन ड्राइव्हवरच्या फायली, ग्राहकांच्या याद्या आणि सोर्स कोड नेता येत नाही. व्यापारी गुपितांसाठी भारतात अजून स्वतंत्र कायदा नाही. करार आणि विश्वासभंगाची तत्त्वं यांवर न्यायालयं निकाल देतात. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये आपल्या २८९व्या अहवालात असा कायदा करावा, अशी शिफारस केली.

दुसऱ्याच्या गुपितांबाबतची हयगय किती महागात पडू शकते याचं उदाहरण मुंबईत मुख्यालय असलेल्या आपल्या सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचं आहे. अमेरिकेतल्या एपिक सिस्टम्स या रुग्णालय-सॉफ्टवेअरच्या कंपनीने २०१४ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसवर दावा लावला. एका ग्राहकाचं काम करणाऱ्यांनी ग्राहकासाठी राखलेल्या पोर्टलवरून कागदपत्रं उतरवून घेतली, असा आरोप होता. टीसीएसने तो नाकारला. एप्रिल २०१६ मध्ये विस्कॉन्सिनच्या ज्युरीने ९४ कोटी डॉलर भरपाई ठरवली. पुढे न्यायालयांनी ती बरीच कमी केली, तरीही उरलेली रक्कम कोट्यवधी डॉलरची होती. कोणता पासवर्ड कुणाचा आणि कशासाठी, हा प्रश्न तेव्हापासून कारकुनी राहिलेला नाही. भिलाईहून पुण्याला, बंगळुरूला नोकरीला जाणाऱ्या प्रत्येक मुलीने आणि मुलाने तो पहिल्या दिवशी विचारावा.

स्वस्त नक्कल आणि तिची किंमत

कॉलेजच्या प्रयोगशाळांत अर्डुइनो या बोर्डाच्या नकला सगळीकडे वापरल्या जातात. ती चोरी आहे का? अर्डुइनो २००५ साली इटलीतल्या इव्रेया गावात जन्मलं आणि त्याच्या निर्मात्यांनी सर्किटचा आराखडा मुद्दाम खुला ठेवला. त्यावरून बोर्ड बनवणं, विकणं, सुधारणं रीतसर आहे. राखून ठेवलं ते फक्त नाव. त्याच आराखड्याचा बोर्ड दुसऱ्या नावाने विकला तर चालतं, पण अर्डुइनोचं नाव छापून विकला तर ती फसवणूक ठरते. खुलेपणा म्हणजे हक्क सोडून देणं, असं नाही. कोणता हक्क द्यायचा आणि कोणता ठेवायचा, हे ठरवण्याचा तो मालकाचा अधिकार आहे. लिनक्ससारख्या खुल्या सॉफ्टवेअरलाही परवान्याच्या अटी असतात. त्या न पाळता कोड उचलणं हा कॉपीराइटचाच भंग आहे.

बनावट चिपची गोष्ट वेगळी. ऑक्टोबर २०१४ मध्ये स्कॉटलंडच्या एफटीडीआय कंपनीने विंडोजमधलं आपलं ड्रायव्हर बदललं, आणि तिच्या चिपच्या बनावट प्रती बसवलेली उपकरणं ओळख हरवून बंद पडू लागली. ज्यांनी ती विकत घेतली होती त्यांतल्या बहुतेकांना आत काय आहे याची कल्पनाही नव्हती. टीका झाल्यावर कंपनीने पाऊल मागे घेतलं. बनावट मालाचा फटका शेवटी बिचाऱ्या ग्राहकाला बसतो. स्वतःच्या हाताने शिक्षा करू पाहणाऱ्या मूळ कंपनीचीही पत त्यात जाते.

आपल्याकडे मोबाइलच्या सुरुवातीच्या दिवसांत उपकरणातल्या प्रोग्रॅमशी छेडछाडीचा एक खटला गाजला. रिलायन्स इन्फोकॉमच्या योजनेत मिळालेले हँडसेट त्याच कंपनीच्या सेवेला बांधलेले होते. त्यांतला इलेक्ट्रॉनिक क्रमांक बदलून ते टाटा इंडिकॉमवर वळवले गेल्याची तक्रार झाली. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २००५ मध्ये सय्यद असिफुद्दीन प्रकरणात हँडसेटमधला प्रोग्रॅम हा संगणक-प्रोग्रॅमच आहे असं मानलं, आणि सोर्स कोडशी छेडछाड केल्याचा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६५ खालचा खटला पुढे चालू दिला. हातातला फोन हाही संगणक आहे, हे आज सांगावं लागत नाही. तेव्हा न्यायालयाला सांगावं लागलं.

सॉफ्टवेअरच्या नकलेबद्दल बोलताना आपण मराठी वाचक आणि लेखकांनी स्वतःकडेही पाहायला हवं. सॉफ्टवेअर कंपन्यांची संघटना असलेल्या बीएसएच्या पाहणीनुसार २०१७ साली भारतात बसवलेलं ५६ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होतं. जगाची सरासरी ३७ टक्के होती. दिवाळी अंक टाइपांच्या खिळ्यांवरून संगणकावर आले ते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या बळावर. देवनागरीचा एक फॉंट घडवायचा तर शेकडो जोडाक्षरं एकेक करून रेखावी लागतात. तो फॉंट फ्लॉपीवरून, पुढे पेन ड्राइव्हवरून, टेबलामागून टेबल फिरला, आणि रेखाटणाऱ्याच्या घरी त्यातलं काही पोचलं नाही. मराठीत चांगले फॉंट कमी का, असं विचारताना या गोष्टीचा विसर पडू नये. जाणूनबुजून चोरीचा प्रोग्रॅम वापरण्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी खाली किमान ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आहे. पण तुरुंगाच्या धाकापेक्षा आपल्या अक्षरांची चाड मोठी असायला हवी.

नकलेच्या बाजारात मूळ माल टिकू शकतो, याचंही उदाहरण घरातलंच आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात केली. भाऊ संजय यांनी १९९० च्या दशकात व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला. त्यातून क्विक हील उभी राहिली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. अँटिव्हायरसची चोरलेली प्रत काही दिवसांत निरुपयोगी होते, कारण नव्या व्हायरसची माहिती रोज यावी लागते. कायद्याच्या कुलपाबरोबर रोजच्या सेवेचंही कुलूप घालता येतं. भिलाईच्या त्या डब्यालाही हे लागू आहे : डबा उघडून बोर्डाची नक्कल होईल, पण दर महिन्याला सुधारत जाणारी मापं आणि मोटर थांबण्याआधी येणारा फोन यांची नक्कल होत नाही.

अँटॉप हिलचा रस्ता

छत्तीसगडच्या शोधकाचा पेटंटचा अर्ज कुठे जातो? मुंबईला. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचं पेटंट कार्यालय एकच, अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात. वाटेत नागपूर लागतं. तिथे १९७५ पासून पेटंट माहितीचं केंद्र आहे आणि बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्थाही आहे. जी वाट सत्तर वर्षांपूर्वी राजधानीकडे जाणाऱ्या फायलींची होती, तीच आज शोधांची आहे. अर्ज आता ऑनलाइन होतो, पण शंका विचारायला जवळ माणसं आहेत, ही गोष्ट मोठी.

खर्चाची भीती अनाठायी आहे. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्था यांना ऑनलाइन अर्जाचं मूळ शुल्क १,६०० रुपये आहे. परीक्षणाची मागणी व्यक्तीला ४,००० रुपयांत करता येते आणि १५ मार्च २०२४ च्या नव्या नियमांनुसार ती ३१ महिन्यांच्या आत करावी लागते. मसुदा लिहिणाऱ्या जाणकाराचं मानधन वेगळं. ते परवडत नसेल तर स्टार्टअपसाठी सरकारच्या योजनेतले साहाय्यक मिळतात.

२०२३-२४ मध्ये देशात ९२,१६८ पेटंट अर्ज आले आणि १,०३,०५७ पेटंट दिली गेली. आकडा सुखावणारा आहे. पण कॉलेजांनी मानांकनाचे गुण वाढवण्यासाठी अर्जांचे गठ्ठे टाकणं म्हणजे नावापुरता सातबारा उतरवून जमीन पडीक ठेवणं. एक डबा खरोखर मोटरवर बसला, एका मुलीला त्यातून रॉयल्टी मिळाली, तर शंभर अर्जांपेक्षा गावाचं भलं जास्त होईल.

आणि सर्वांत मोठं नुकसान होतं ते घाईत दाखवण्याने. प्रकल्प प्रदर्शनात मांडला, परिषदेत निबंध वाचला, व्हिडिओ टाकला, कोड खुला केला. मग कुणी सुचवलं म्हणून पेटंटचा विचार आला. तोवर उशीर झालेला असतो. जगाला सांगून झालेली गोष्ट कायद्याच्या लेखी नवी राहत नाही. काही अपवाद आहेत, पण ते इतके अरुंद की त्यांच्या भरवशावर राहू नये. उपाय सोपा आहे. आधी तात्पुरता अर्ज करावा. त्यात दाव्यांची भाषा लागत नाही, शोध नीट सांगितला की पुरे. त्या तारखेपासून पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात, आणि त्या काळात निर्धास्त दाखवता येतं, बोलता येतं, गिऱ्हाईक शोधता येतं.

त्याच्याही आधी एक वही हवी. पानांना क्रमांक, प्रत्येक दिवसाची तारीख, फसलेल्या प्रयोगाचीही नोंद, खाली सही आणि शेजारी साक्षीदाराची सही. कोड लिहिणाऱ्याने प्रत्येक बदल तारखेनिशी जपून ठेवावा. पोलाद कारखान्यात प्रत्येक ओताची नोंद अशीच ठेवतात, पाळी बदलली तरी वही थांबत नाही. ज्या घरांत आजोबांनी आणि वडिलांनी त्या वह्या लिहिल्या, त्या घरांतल्या नातवंडांना ही शिस्त नव्याने शिकवावी लागू नये.

कुठल्याशा खोलीत आज रात्री कुणाचा तरी डबा पहिल्यांदा बरोबर इशारा देईल. मित्रांना दाखवावा, गटात फोटो टाकावा, असं त्या क्षणी वाटेल, आणि ते वाटणं माणसाचंच आहे. पण शेवटच्या रोलमधून रूळ बाहेर पडण्याचा हाच तो क्षण. तो अजून लाल आहे. अक्षरं आत्ताच उमटतील, आणि तो निवला की उरेल ती फक्त रंगाची चिठ्ठी.